आभाळाला लावलेले कान

खिडकीला गादी टेकवलीय. दाराखालच्या फटीत जुनी साडी कोंबलीय. पंखा बंद, बाहेर मे महिन्याचं जळगाव, पारा ४४ अंशांवर, आणि घामाने निथळत तुम्ही मोबाईलसमोर पत्र्याचा एक तुकडा हलवताय. टेबलावर तुमच्या नभोनाट्याची संहिता आहे. सातव्या पानावर एकच ओळ लाल शाईने अधोरेखित केलेली: ‘तबकडी केळीच्या बागेत उतरते.’ हा आवाज काही केल्या जमत नाही.

इंटरनेटवर फुकट मिळणारे शंभरेक आवाज तुम्ही ऐकलेत. सगळ्यांत तीच घरघर, तीच शिट्टी, दुसऱ्यांच्या सिनेमांतून आलेली. पण तापीकाठच्या काळ्या रानात, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या सरीत, केळीच्या फाटक्या पानांवर काही उतरलं तर त्याचा आवाज असा येणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्या रानात तुम्ही लहानाचे मोठे झालात.

दुसरी अडचण याहून मोठी. तुमच्या नाटकात परग्रहवासी खान्देशावर चालून येतात आणि गावातल्या एका मास्तरांना त्यांचं गुपित कळतं. जिवावर बेतेल असं गुपित. मास्तर कंदिलाच्या उजेडात म्हणतात, ‘मला कळलंय.’ त्यापुढचं पान कोरं आहे, कारण मास्तरांना काय कळलं ते तुम्हालाच कळलेलं नाही.

तेव्हा पत्रा खाली ठेवा. रेकॉर्डर खिशात टाका. आपण आवाज शोधायला मागे जाऊ. चपला मात्र बदला, पहिल्याच मुक्कामाला चिखल आहे.

२९ जून १८४३. एदलाबादजवळचं माणेगाव. याच एदलाबादला पुढे मुक्ताईनगर म्हणतील. आर्द्रा नक्षत्र लागून आठवडा झालाय. तुमचे पाय घोट्यापर्यंत काळ्या मातीत रुतलेत. ही माती सोडत नाही, पाऊल उचललं की ‘चप्प’ असा ओला आवाज करते आणि चपलेला शेरभर चिकटून वर येते. समोर बैलजोडी उभी आहे, घंटा किणकिणताहेत, लांब कुणीतरी बैलाला हाक मारतंय. रेकॉर्डर चालू करा. एवढा स्वच्छ आसमंत तुम्ही जन्मात ऐकलेला नाही. मोटार नाही, पंप नाही, विजेच्या तारेची गुणगुण नाही.

आणि मग वर काहीतरी फुटतं.

तोफेसारखा आवाज असं तुम्ही लिहिलं असतं, पण तोफेचा आवाज एका जागेवरून येतो. हा आभाळाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गडगडत जातो आणि छातीच्या पिंजऱ्यात उतरतो. बैल दावं तोडू बघतात. तुम्ही नकळत खाली बसता, हात डोक्यावर. तेवढ्यात रेकॉर्डर चिखलात पडलेला असतो, म्हणजे मुख्य आवाज गेलाच. पण त्याच्यामागून जे येतं ते तुम्हाला मिळतं: काहीच नाही. किडे नाहीत, पाखरं नाहीत. घंटा तेवढ्या वाजताहेत, कारण बैल अजून थरथरताहेत. मग मेरेपलीकडून एका माणसाचा कोरडा आवाज येतो: ‘काय झालं रे भो?’

दगड आहे. पडताना फुटून त्याचे तुकडे झालेत. हातात घ्या, वरून काळसर पातळ साल, आत पिवळट-हिरवट, खडीसाखरेसारखे चमकणारे दाणे, बोटाने खरवडलं तर भुगा होतो. जमलेल्या माणसांचा पहिला हात कपाळाकडे जातो, काठीकडे जात नाही. याला कारण आहे. तापीकाठचं मेहूण इथून फार लांब नाही. तिथे वीज कडाडली आणि त्या लखलखाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, ही साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट इथलं पोरसुद्धा सांगतं. आभाळातून आलेलं काही वाईटच असेल, असं या मुलखाने धरून चालायचं कारण नव्हतं. तुमच्या संहितेत मात्र पहिल्याच प्रवेशात गावकरी कुऱ्हाडी घेऊन धावतात. ते पान खोडा.

या दगडाची पुढची हकीकत मला फार ओढ लावते. माणेगावच्या दगडाचे थोडेच तुकडे संग्रहालयांत जपले गेले, सगळे मिळून ओंजळही भरणार नाही. अशा दगडांना डायोजेनाइट म्हणतात. आभाळातून पडणारे दगड वरच्या जगातलेच असतात असं सांगणाऱ्या डायोजेनिस या प्राचीन ग्रीक विचारवंताचं हे नाव. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सव्वापाचशे किलोमीटर व्यासाचा वेस्टा नावाचा लघुग्रह आहे. त्याच्या कवचात खोल घडलेला खडक कुठल्यातरी धडकेत उडाला आणि अवकाशात भटकत राहिला, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. २०११ पासून नासाचं डॉन यान वेस्टाभोवती वर्षभर फिरलं, त्याने तिथल्या खडकांतून परतणारा प्रकाश तपासला आणि हे नातं पक्कं झालं. म्हणजे दुसऱ्या जगातून खान्देशात खरोखर कुणीतरी येऊन गेलंय, आणि त्याचं गाव आपल्याला ठाऊक आहे.

तो चिखलाचा ‘चप्प’ जपून ठेवा. कामाला येईल.

आता भुसावळ. ३१ ऑक्टोबर १९३८, सोमवार, सकाळचे साडेसहा. दिवाळी होऊन आठवडा झालाय, फलाटावर परतीची गर्दी आहे, थंडी नुकती चावायला लागलीय. दोन वर्षांपूर्वी इथून जवळच फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, त्याच्या गोष्टी अजून डब्याडब्यांत निघताहेत. इंजिनाच्या बंबात कोळसा पडतोय, वाफेचा फूत्कार आणि मग लोखंडावर लोखंड. हाही आवाज घ्या.

याच घटकेला न्यूयॉर्कमध्ये रविवारची रात्र आहे, आठ वाजलेत. काळाच्या प्रवासात अंतर आडवं येत नाही, म्हणून एक कान भुसावळला राहू द्या आणि दुसरा मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या सीबीएस रेडिओच्या स्टुडिओत. तेवीस वर्षांचा ऑर्सन वेल्स ध्वनिक्षेपकासमोर उभा आहे. एच. जी. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीचं हॉवर्ड कॉकने केलेलं नभोनाट्य सुरू होतं. सुरुवातीला नाटक असल्याचं सांगतात. मग हवामानाचा अंदाज, मग एका हॉटेलातला नाचाचा वाद्यवृंद, आणि तो मध्येच थांबवून बातमी: मंगळावर स्फोट दिसलेत. पुन्हा वाद्यवृंद. पुन्हा बातमी. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात उल्का पडलीय. बातमीदार शेतात पोचतो. उल्केचं झाकण आतून फिरतं. या फिरणाऱ्या झाकणाची एक गोष्ट सांगतात: आवाज करणाऱ्या बाईंनी शौचालयात जाऊन काचेच्या बरणीचं झाकण हळूहळू फिरवलं, तिथल्या फरशीच्या भिंतींत तो आवाज घुमला, म्हणून तो एवढ्या मोठ्या पोकळ वस्तूचा वाटला. लोणच्याची बरणी आणि मोरी तुमच्याही घरात आहे. आठवणीत ठेवा.

बातमीदाराचं काम करणारा नट फ्रँक रीडिक. त्याने तयारी कशी केली ते ऐका. आदल्या वर्षी मे महिन्यात हिंडेनबर्ग हे प्रवासी हवाईजहाज उतरताना जळालं, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन नावाचा निवेदक तिथे बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. त्या निवेदनाची ध्वनिमुद्रिका रीडिकने पुन्हापुन्हा ऐकली. घाबरलेल्या माणसाचा आवाज वर कधी चढतो, शब्द कुठे तुटतात, हे त्याने त्यातून उचललं. आता तो शेतात उभं राहून सांगतोय, ज्वाळा येताहेत, माझ्या उजव्या बाजूला, आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं.

शांतता.

मोजा. एक, दोन, तीन. स्टुडिओतली माणसं वेल्सच्या हाताकडे बघताहेत. तो हात वरच आहे. चार, पाच. रेडिओवर पाच सेकंद म्हणजे काय, हे घरी बसून कळत नाही. त्यात ऐकणाऱ्याच्या मनात सगळं न्यू जर्सी जळून जातं. सहाव्याला हात खाली येतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं की सगळा देश रस्त्यावर आला. ते खरं नव्हतं. त्या रात्री बहुतेक लोक दुसऱ्या केंद्रावरचा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम ऐकत होते, आणि घाबरणारे होते तरी छापून आलं त्याच्या कितीतरी कमी. घाबरले त्यांच्याविषयी मात्र मला कणव वाटते. महिनाभरापूर्वीच म्युनिक करार झाला होता. युद्ध होणार की टळणार, या बातम्या त्यांनी अशाच गाणी थांबवून ऐकल्या होत्या. या माणसांनी आवाजावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक.

भुसावळच्या फलाटावर या नाटकातलं कुणालाच काही ऐकू आलेलं नाही. गाडी सुटते. तुम्ही मात्र एका गोष्टीपाशी अडकता. मूळ कादंबरी १८९८ ची, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात एच. जी. वेल्स आपल्या इंग्रज वाचकाला टास्मानियाची आठवण देतो: आपण तिथल्या माणसांचा निर्वंश केला, मग मंगळावरच्यांनी आपल्याशी तसं वागलं तर तक्रार कशाची? म्हणजे परग्रहावरच्या आक्रमकाची ही पहिली मोठी गोष्ट आभाळाची नाहीच. ती होडीतून, घोड्यावरून, तोफा घेऊन येणाऱ्यांची आहे. तसे आक्रमक खान्देशाने पाहिलेत.

आणखी एकशेवीस वर्षं मागे या. फेब्रुवारी १८१८, थाळनेर, आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं. तापीच्या काठावर किल्ला, खाली वाळवंट, उन्हात चमकणारं उथळ पाणी. सर थॉमस हिस्लॉपची फौज समोर उभी राहिलीय. किल्ला देऊन टाकण्याची बोलणी चालू असताना दरवाजात गोंधळ उडतो, आत गेलेले इंग्रज अधिकारी मारले जातात, आणि त्यानंतर आतली शिबंदी कापून काढली जाते. किल्लेदाराला फासावर चढवतात. वाटाघाटीत कोण काय बोललं, कुणाला कुणाची भाषा कळली, कुणाला कळली नाही, यावर पुढे इंग्लंडातही वाद झाला.

इथे रेकॉर्डर चालू करू नका. नदीचं पाणी वाहतंय, तेवढंच ऐका आणि चला.

किटोचा मुक्काम थोडका आहे, पण चुकवता येणार नाही. १२ फेब्रुवारी १९४९, इक्वेडोरची राजधानी. रेडिओ किटोने मंगळावरच्या स्वारीचं तेच नाटक स्पॅनिशमध्ये, आपल्या गावांची नावं घालून केलंय. दोन लोकप्रिय गायकांचं गाणं तोडून बातमी येते: शहराच्या वेशीवर शत्रू उतरलाय. नाटक असल्याचं कुणी सांगितलेलं नाही. लोक रस्त्यावर येतात, चर्चच्या घंटा वाजतात. नंतर कळतं की हे नाटक होतं, आणि त्या क्षणी भीतीचं रागात रूपांतर होतं. जमाव केंद्राच्या इमारतीला आग लावतो. आतली माणसं मरतात. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात, तोंडावर धग येतेय. इथल्या आक्रमकांचं गुपित एकच होतं, ते नव्हतेच. ते ज्यांना ठाऊक होतं ते आत जळताहेत.

आता घराकडे. ११ जुलै १९७९, बुधवार, धुळ्याच्या दक्षिणेचं एक गाव. दिवस मावळताना लळिंगच्या किल्ल्याची टेकडी काळी दिसतेय. पाऊस उघडलाय. गुरुपौर्णिमा परवाच झाली. वीज गेलीय, ओट्यावर कंदील आहे, आणि आतल्या फळीवर क्रोशाच्या जाळीखाली रेडिओ. त्याच्याशेजारी पोस्टात पैसे भरून शिक्का मारून आणलेलं लायसन्सचं पुस्तक, वर्षाच्या पंचांगासारखं जपलेलं. वीज नाही म्हणून रेडिओ मुका आहे, पण शेजारच्या मास्तरांकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आहे, चामडी पिशवीतला. तो आणून ओट्याच्या मधोमध ठेवलाय. काटा ९६३ किलोहर्ट्झच्या आसपास, जळगाव आकाशवाणी. कुणीतरी पिशवीचं बटण पुन्हापुन्हा लावतंय, उघडतंय. टिक्. टिक्. हा आवाज घ्या.

अख्खी गल्ली जमलीय, कारण आज स्कायलॅब पडणार आहे.

अमेरिकेने १९७३ मध्ये वर पाठवलेली ही प्रयोगशाळा, वजन ७७ टन. ती खाली येतेय, पण कुठे ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. देशभर पोलिसांना सावध राहायला सांगितलंय. दिल्लीत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणलाय, एरवी आज ओट्यावर त्याच्याशिवाय दुसरं बोलणं झालं नसतं. आज ते कुणाच्या तोंडी नाही.

‘आपला गावमा पडी का ते?’ एक म्हातारा विचारतो.

मास्तर उठतात. घरातून तांब्या आणि कापसाच्या सुताचा गुंडा घेऊन येतात. तांब्या म्हणजे पृथ्वी. त्याच्याभोवती तिरपं सूत गुंडाळायला लागतात, एक फेरा, त्याच्या शेजारी दुसरा. ‘हे बघा, ही अशी फिरते. तिरपी. उत्तरेला पन्नास अंशांच्या वर जात नाही, दक्षिणेला पन्नासच्या खाली जात नाही.’ सूत तांब्याच्या पोटाभोवती जमत जातं, गळा आणि बूड मोकळं राहतं. ‘आपण एकवीस अंशांवर. म्हणजे सुताखाली आपण आहोत.’ ओट्यावर एकदम सन्नाटा. मग मास्तर बोट ओलं करून तांब्याच्या बऱ्याचशा भागावर फिरवतात. ‘पण हे एवढं सगळं पाणी आहे.’

हे तांब्याचं आणि सुताचं मी कितीदा मनाशी उजळून पाहिलंय. एवढी भीती दाटलेल्या ओट्यावर एक माणूस सूत गुंडाळत बसतो आणि आधी खरं काय ते सांगतो, धीर नंतर देतो.

एक पोरगं मास्तरांच्या धोतराला धरून विचारतं, ‘मझार कोन शे?’

‘कोनीच नै रे,’ मास्तरही त्याच्याच बोलीत उतरतात. ‘पाच सालथून रिकामं शे.’ १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटचे तिघे अंतराळवीर परतले, तेव्हापासून त्या घरात कुणी नाही. पोराचा चेहरा बघा. आत माणूस असता तर त्याला कमी भीती वाटली असती.

आतून आजीचा आवाज: ‘जे व्हई ते व्हई. पोरेस्ले पह्यले जेवू द्या.’ कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा ओट्यावर येतो. तुमच्याही हातावर चतकोर ठेवला जातो. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारलेलं नाही.

आणि इथे, भाकरीचा तुकडा तोंडात असताना, तुमच्या लक्षात येतं. तुम्हाला माहीत आहे. या सगळ्या ओट्यावर, या जिल्ह्यात, जगातल्या कुठल्याही नियंत्रण कक्षात जे कुणाला ठाऊक नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दहा वाजून सात मिनिटांच्या सुमाराला ती विखुरणार आहे. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडतील. कुणाला खरचटणारही नाही. एस्परन्स नावाच्या गावची नगरपालिका कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलरचा दंड करेल आणि ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं लोक हसून सांगतील.

सांगा ना मग. सांगा त्या म्हाताऱ्याला, ज्याच्या हातातली तंबाखूची चंची मघापासून उघडीच आहे.

तुम्ही तोंड उघडता. ‘मला माहितीय. नाही पडणार इथं.’

सगळे वळून बघतात. कंदिलाच्या उजेडात पंधरा-वीस चेहरे. म्हातारा विचारतो, ‘रेडिओनी सांगं का?’

नाही, रेडिओने सांगितलेलं नाही. मग चेहरे पुन्हा ट्रान्झिस्टरकडे वळतात. त्यात रागबिग काही नाही. पाहुणा धीर द्यायला बोलला, चांगलं केलं. पण खरं-खोटं ठरवायचं ते त्या पेटीतल्या आवाजाने. पावसाचा अंदाज, कापसाचा भाव, पुराचा इशारा, पंतप्रधान गेल्याची बातमी, सगळं त्याच आवाजाने सांगितलंय आणि त्याने फसवलेलं नाही. हा विश्वास रोज थोडा थोडा जमा झालाय, जसं तांब्यावर सूत.

तुमचं कोरं पान इथे भरतं. तुमच्या नाटकातले आक्रमक तबकडीतून उतरायची गरजच नाही. ते या आवाजात उतरतात. लळिंगच्या पलीकडून नव्हे, ९६३ वरून. रोजच्या निवेदकाचा तोच स्वर, तोच संथपणा, ‘घाबरून जाऊ नका’ म्हणण्याची तीच पद्धत. मास्तरांना कळलेलं गुपित हे की आज बोलणारा आपला नाही. कशावरून? तो चुकत नाही म्हणून. आपला निवेदक एखाद्या शब्दाला अडखळतो, कागद उलटताना खर्रकन आवाज होतो, हिवाळ्यात खोकतो. हा खोकत नाही. आणि मास्तरांनी हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर सगळे विचारणार, रेडिओनी सांगं का?

दहा वाजून गेले. चंद्र ढगांतून वर आलाय. सगळे आभाळाकडे बघताहेत, पण खरं म्हणजे ऐकताहेत. पाहणारा माणूस मान हलवतो; ही सगळी माणसं दगडासारखी थिजून, तोंडं किंचित उघडी ठेवून बसलीत. माणेगावच्या शेतातही असंच होतं. आधी आवाज येईल, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. दहा वाजून सात मिनिटं. पांझरा नदीच्या दिशेने बेडकांचा गजर. दहा वाजून आठ. कुणाचं तरी पोर झोपेत कण्हतं. ट्रान्झिस्टरमध्ये नुसती खरखर.

सकाळी बातमी येते, समुद्रात पडलं. म्हातारा चंचीची दोरी ओढून बांधतो आणि वखर घेऊन रानात जातो. तांब्यावरचं सूत आजी हळूहळू उलटं सोडवत असते. फुकट घालवायचं नसतं.

परत जळगावात. पंखा बंदच आहे, गादी खिडकीला तशीच. तुम्ही आठवं पान लिहायला घेता आणि मध्येच थांबून कपाटातून जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’ काढता. ऑर्सन वेल्सचं नाटक झालं त्याच वर्षी, १९३८ च्या जुलैत कोल्हापुरात नारळीकरांचा जन्म, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यात गेले. त्यांच्या या कादंबरीत जमिनीत खोल पुरलेली एक पेटी सापडते, आपल्याआधीच्या एका प्रगत संस्कृतीने ठेवलेली. तिच्यातल्या ज्ञानावरून माणसं एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतात, आणि ज्या ज्ञानाने ती संस्कृती बुडाली तेच आपल्या हाती आलंय, हे कळेपर्यंत उशीर होत आलेला असतो. या कादंबरीतला धोका वरून नुसता कोसळत नाही, माणसाच्या उत्सुकतेतून आणि हव्यासातून वाट काढत येतो. मराठीत विज्ञानकथेला ही वाट त्यांनी घालून दिली आणि ती सोडायचं तुमच्या मनात नाही. तुमची पेटी मात्र पुरलेली नाही. ती घराघरात फळीवर आहे, आणि आज तर प्रत्येकाच्या खिशात. कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारी यंत्रं आता गल्लोगल्ली पोचलीत. आईचा आवाज काढून मुलाकडे पैसे मागणारे भामटे आहेत. तुमच्या मास्तरांचं गुपित १९७९ मध्ये कल्पनेतलं होतं, आता ते नाही.

म्हणून नाटकाच्या आधी एक वाक्य घालायचं ठरवता: हे नभोनाट्य आहे. आणि मध्येही एकदा, मास्तर बोलून गप्प होतात तिथे. तुमचा मित्र म्हणतो, मधल्या घोषणेने मजा जाईल. तुमच्या डोळ्यांसमोर किटोचा रस्ता येतो. घोषणा राहते. ती अहिराणीतही असेल, कारण ओट्यावरचा म्हातारा तीच ऐकेल.

मोरीत जाऊन तुम्ही कैरीच्या लोणच्याची रिकामी बरणी फिरवता. झाकण, दगडी फरशी, वर पत्र्याची पन्हाळ. आवाज येतो तो कुठल्याच परक्या सिनेमातला नाही. मग बादलीत काळी माती कालवून पाय बुडवून काढता. चप्प. तबकडी उतरली. तिच्यातून कुणीतरी चालत आलं.

राहिली ती शांतता. मास्तरांच्या वाक्यानंतरची सहा सेकंदं. ती खोलीत मिळत नाही. गादीमागची शांतता मेलेली असते. रात्री तुम्ही मोटारसायकल काढता आणि चोपड्याच्या अलीकडे, तापीचा पूल ओलांडून, रस्त्याकडेच्या केळीच्या बागेत शिरता. वाळकी पानं खोडाला लटकताहेत, वाऱ्याची झुळूक आली की कागदासारखी घासतात. ठिबकचे थेंब एकेका बुंध्याशी पडताहेत, प्रत्येकाचा ठेका वेगळा. लांब महामार्गावर एखादा ट्रक. रेकॉर्डरचा लाल ठिपका लागतो. तुम्ही श्वास रोखता. एक. दोन. तीन. चार.

पाचव्याला अंधारातून, अगदी जवळून, एक जाड आवाज:

‘कोन शे रे तठे?’

लाल ठिपका चालू आहे. उत्तर दिलं नाही तर नाटकाचा असा शेवट कुणालाच लिहिता येणार नाही. पण बॅटरीचा झोत थरथरतोय, पलीकडचा माणूस एकटा आहे, आणि त्यालाही भीती वाटतेय.

‘मी शे बाबा. नाटकसाठे आवाज भरी ऱ्हायनू.’

बॅटरी खाली झुकते. क्षणभर नुसते थेंब.

‘भरा मंग. पन पाट वलांडू नका. साप ऱ्हातस.’